बँकॉकमध्ये दोघांचा एक दिवस: नदी धरून कसं फिरायचं

लेक बँकॉकला नोकरीला लागली आणि आमच्या तिकडे फेऱ्या सुरू झाल्या. आजवर तीनदा जाऊन आलो. सकाळी ती ऑफिसला गेली की आम्ही दोघंच शहर पाहायला बाहेर पडायचो. मला थाई येत नाही, ह्यांचं इंग्रजी कामापुरतं. तरी तिसऱ्या खेपेला एक दिवस असा जमून आला की आता ओळखीतलं कुणी जोडपं तिकडे निघालं की मी त्यांना तोच दिवस वेळेसकट लिहून देते. इथे तो जरा सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हाताशी एकच दिवस असेल तर चाओ फ्राया नदी सोडायची नाही. पहिला राम नावाच्या तिथल्या राजाने १७८२ साली राजधानी नदीच्या पश्चिमेकडून पूर्वेच्या काठावर आणली आणि जुनं शहर त्या काठाला धरूनच वाढलं. राजवाडा, वाट फो, फुलांचा बाजार आणि पलीकडच्या तीरावरचं वाट अरुण, ही सगळी ठिकाणं दोन किलोमीटरच्या आत आहेत. 'वाट' म्हणजे देऊळ. ह्या दिवसात मॉल घालू नका, चातुचाकचा बाजारही घालू नका. दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार शहरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे, त्याला वेगळा दिवस हवा. पहिल्या खेपेला आम्ही एका दिवसात पाच टोकं धरली होती. दुपारी तीन वाजता रहदारीत अडकलेल्या टॅक्सीत आम्ही दोघं दोन खिडक्यांकडे तोंडं करून बसलो होतो, बोलायलाही त्राण उरलं नव्हतं. त्या दिवसातलं आज काहीही नीट आठवत नाही.

दुसरी गोष्ट जोडप्यांसाठी. आदल्या रात्री दोघांनी आपापली एकेक गोष्ट सांगायची, आणि ती काही झालं तरी गाळायची नाही. माझी गोष्ट फुलांचा बाजार. ह्यांची बोट. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं होते. इंजिनाचा आवाज आला की ह्यांचे पाय आपोआप थांबतात. हे आधी बोलून ठेवलं की मी बाजारात रेंगाळले तरी ह्यांची कुरकुर नसते, आणि बोटीत हे इंजिनापाशी उभे राहिले तरी माझी घाई नसते. बाकीची ठिकाणं ह्या दोन गोष्टींच्या मध्ये बसवायची.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. मार्चपासून उकाडा असह्य होतो, मेपासून पाऊस सुरू होतो तो ऑक्टोबरपर्यंत. पण कोणत्याही महिन्यात सकाळी साडेअकरा ते तीन हा वेळ छपराखाली किंवा पाण्यावर घालवायचा. उघड्या अंगणातली ठिकाणं त्याच्या आधी किंवा नंतर. दिवसाची सगळी आखणी ह्या एका नियमावर उभी आहे.

कपड्यांचं नीट ऐका, कारण राजवाड्याच्या दारातून लोकांना परत फिरताना मी पाहिलं आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही. बर्म्युडा, बिनबाह्यांचा टॉप, अंगाला चिकटलेल्या लेगिंग्ज चालत नाहीत. वर ओढणी टाकून भागेल असं समजू नका, बाह्याच हव्यात. सुती सलवार-कमीज सगळ्यात सोयीची. साडी चालते, पण बोटीत चढता-उतरताना आणि वाट अरुणच्या पायऱ्यांवर ती पायात येते. पायात सहज काढता येतील अशा चपला घाला आणि चपला ठेवायला एक कापडी पिशवी घ्या, कारण दिवसातून चार-पाच वेळा त्या काढायच्या आहेत. मी मोज्यांचा एक जोडही ठेवते, तापलेल्या फरशीवर उपयोगी पडतो. छत्री, पाण्याची बाटली, एक टॉवेल. सामान एकाच पाठपिशवीत, आणि ती दर दोन तासांनी एकाने दुसऱ्याकडे द्यायची.

पैशांचं म्हणाल तर आम्ही शेवटचे गेलो तेव्हा परदेशी माणसाला राजवाड्याचं तिकीट ५०० बाट, वाट फोचं ३०० आणि वाट अरुणचं २०० होतं. म्हणजे दोघांचे तिकिटांचेच २००० बाट. त्याशिवाय खाणं, बोट आणि मालिश. सुट्ट्या नोटा आणि नाणी जवळ असू द्या, धक्क्यावर आणि गाड्यांवर हजाराची नोट कुणी खुशीने घेत नाही.

सकाळी सातच्या आत मेट्रोच्या निळ्या मार्गाने सनाम चाय स्टेशनला उतरा. २०१९ मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन आतून एखाद्या दरबारासारखं सजवलेलं आहे. रांगेत नक्षीचे खांब, वर सोनेरी छत. पाच मिनिटं थांबून पाहा. मग बाहेर पडून चालत पाक ख्लोंग तलातला जा, तोच फुलांचा बाजार. तो चोवीस तास चालतो, पण सकाळी माल ताजा असतो आणि ऊन नसतं.

तिथला झेंडू देठाशिवाय, नुसती मुंडकी, पारदर्शक पिशव्यांत ठासून भरलेला असतो. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांना ते 'मली' म्हणतात, म्हणजे आपली मल्लिकाच. ओल्या फडक्याखाली कळ्या झाकलेल्या, शेजारी बर्फ, कमळाच्या मिटलेल्या कळ्यांचे जुडगे. माळा ओवणाऱ्या बायकांसमोर मात्र नक्की थांबा. त्यांची सुई वीतभराहून लांब असते. एका बाईने सुईला बोटाने व्हॅसलीन चोपडलं, फुलं गोल फिरवत फिरवत त्या सुईवर चढवली आणि मग सगळी एकदम सर्रकन दोऱ्यावर ओढून घेतली. एक पाकळी दुमडली नाही. मी आयुष्यभर गजरे केले, सुईला व्हॅसलीन लावायचं कधी सुचलं नव्हतं.

ह्या माळेला 'फुआंग मालाई' म्हणतात. आणि त्यात मला चक्क रुई दिसली. आपण शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच. ते पानं घेत नाहीत, फुलाचा मधला मुकुटासारखा पांढरा भाग काढून ओवतात, लांबून हस्तिदंती मण्यांची माळ वाटते. थाईमध्ये रुईच्या फुलाला 'डोक राक' म्हणतात, आणि 'राक' म्हणजे प्रेम. म्हणून नवरा-नवरीच्या माळांमध्ये हे फूल लागतंच. लेकीने हे सांगितलं तेव्हा ह्यांनी काही न बोलता आणखी एक माळ घेतली आणि माझ्या हातात दिली. तुम्हीही दोन घ्या, एक देवाला आणि एक आपल्याला. लहान माळ २०-३० बाटला मिळते.

न्याहारीला बाजाराच्या आसपास सोयाबीनचं गरम दूध आणि 'पाथोंगको' मिळतं. मैद्याचे जोडीने चिकटलेले लांबट तळलेले तुकडे, बाहेरून कुरकुरीत, आतून पोकळ. दोन-दोन आणि एकेक वाटी दूध, पोट भरतं. सोबत हिरव्या रंगाची दाट गोड खीर ठेवतात, तिच्यात अंडं असतं. न खाणाऱ्यांनी हात लावू नये.

पावणेआठला निघून वाट फोच्या बाजूने उत्तरेकडे चालत राहा. राजवाड्याचं प्रवेशद्वार अगदी उत्तरेच्या अंगाला आहे आणि चालायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वाटेत सरनरोम उद्यान लागतं. आठच्या ठोक्याला तिथे राष्ट्रगीत वाजतं आणि पळणारी, व्यायाम करणारी माणसं जागच्या जागी उभी राहतात. तुम्हीही उभे राहा. संध्याकाळी सहाला हेच स्टेशनांवर होतं.

राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीला लागलात की सावध. पहिल्या खेपेला इथेच एक इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला गृहस्थ अदबीने पुढे आला. म्हणाला, आज सकाळी पूजा आहे, राजवाडा एक वाजता उघडेल, तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला तुम्हाला २० बाटमध्ये चार देवळं दाखवेल. आम्ही बसलो. एक देऊळ झालं आणि मग एका रत्नांच्या दुकानात आम्हाला दीड तास बसवून ठेवलं. घेतलं काही नाही, पण सकाळ गेली ती गेलीच, आणि राजवाडा मात्र साडेआठपासून उघडाच होता. म्हणून भिंतीपाशी कुणी काहीही सांगितलं तरी हात जोडून 'खोप खुन खा', म्हणजे धन्यवाद, म्हणायचं आणि थेट दारापर्यंत चालत जायचं. पुरुषाने 'खोप खुन ख्राप' म्हणायचं. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाडा कधी कधी खरोखर बंद असतो, पण ते आदल्या रात्री राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येतं. तिकीट आतल्या खिडकीवरच घ्या. खिडकी दुपारी साडेतीनपर्यंतच असते, पण तुम्हाला ती साडेआठलाच गाठायची आहे. साडेनऊनंतर बसगाड्यांतून येणाऱ्या गटांनी अंगण भरून जातं.

आत शिरल्यावर गर्दी उजव्या-डाव्या सोनेरी स्तूपांकडे धावते. तुम्ही दोघं आधी सरळ मुख्य देवळात जा. पाचूचा बुद्ध म्हणतात तो इथला. मूर्ती हिरव्या दगडाची आहे, उंची ६६ सेंटिमीटर, आणि इतक्या उंच आसनावर की पहिल्यांदा नजर चुकते. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तीन ऋतूंचे तीन पोशाख असतात आणि ते राजाच्या हातून बदलले जातात. विठोबाला थंडीत पांघरूण घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आत फोटो काढायचे नाहीत. बसताना पावलं मूर्तीकडे करायची नाहीत, पाय दुमडून मागे घ्यायचे. गुडघे दुखत असतील तर मागच्या भिंतीशी थोडा वेळ उभं राहून बाहेर या.

आता खरा ऐवज. देवळाभोवती चारी बाजूंनी ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रांत. तिथलं रामायण म्हणजे 'रामाकियन'. बहुतेक लोक सावलीसाठी ह्या ओवरीत येतात, पाणी पितात आणि जातात. तुम्ही इथे पाऊण तास काढा. उत्तरेकडच्या दाराशी सुरुवात होते, जनक राजाला सीता सापडते तिथून. मग चित्रं ओळीने पुढे सरकतात. राम 'फ्रा राम', सीता 'नांग सीदा', लक्ष्मण 'फ्रा लाक', आणि रावण 'तोसाकान', म्हणजे दशकंठ. हनुमान पांढराशुभ्र. युद्धाच्या गर्दीत तो तुम्हाला चटकन सापडेल.

कथा आपलीच, पण वळणं वेगळी. तिथली सीता रावण-मंदोदरीची मुलगी आहे. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना समुद्रातल्या दगडांची चोरी होते, म्हणून तो खाली जातो आणि तिथे त्याला रावणाची मुलगी भेटते, ती मत्स्यकन्या, तिचं नाव सुपन्नमच्छा, म्हणजे सुवर्णमत्स्या. हे ऐकून ह्यांना पहिल्यांदा रुचलं नाही, पार गप्प झाले. आणि मग आम्ही त्या चित्रापाशी आलो. हनुमानाने आपला देह डोंगराएवढा केलेला आहे, तोंड उघडलं आहे आणि अख्खा मंडप त्याच्या जबड्यात आहे. मंडपात राम निजलेला. मायराप रात्री रामाला पळवून नेणार म्हणून हनुमान त्याला तोंडात धरून राखण करतो आहे. मायराप म्हणजे आपला महिरावण. लहानपणी आजोळी अहिरावण-महिरावणाची गोष्ट ऐकली होती, ती ह्यांनी मला तिथे उभ्या उभ्या सगळी सांगितली. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी ती ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. म्हणून सांगते, ह्या ओवरीत एकमेकांना गोष्ट सांगत चाला. भाड्याने मिळणारी कानातली टेप इथे घेऊ नका. माहिती मिळते, पण दोघांचे कान दोन ठिकाणी अडकतात.

बाकीचा राजवाडा बाहेरूनच पाहायचा आहे, त्याला अर्धा तास पुरे. पावणेअकराला बाहेर पडा.

वाट फो तिथून दक्षिणेला दहा मिनिटांवर. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, त्यामुळे खांबांच्या मधून तो तुकड्या-तुकड्यानेच दिसतो. तसाच पाहायचा असतो. पावलांपाशी नीट थांबा. तळव्यांवर शिंपल्याच्या चमकत्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूने १०८ धातूची पात्रं ओळीने मांडलेली आहेत. नाण्यांची वाटी विकत घ्यायची आणि प्रत्येकात एक नाणं टाकत जायचं. नाण्यांचा तो टणटण आवाज सगळ्या दालनात भरून राहतो. अर्धी नाणी एकाने टाका, अर्धी दुसऱ्याने. अंगणात एका छोट्या दगडी टेकाडावर ऋषींचे पुतळे आहेत, अंग पिळून, पाय मानेमागे घेऊन बसलेले. 'रुएसी दाद तोन' म्हणतात त्या व्यायामाला, आणि 'रुएसी' म्हणजे आपला ऋषीच.

ह्याच आवारात मालिशची जुनी शाळा आहे. थाई मालिशची नोंद युनेस्कोने २०१९ मध्ये मानवजातीच्या वारशात केली, आणि त्या विद्येचं हे घर. साडेअकरा-बाराचं ऊन टाळायला ह्यापेक्षा चांगली जागा नाही. आधी खिडकीवर नाव देऊन नंबर घ्या, मग पुतळे पाहायला जा, नंबर येईपर्यंत वेळ जातो. तेल लावत नाहीत. सैल कपडे देतात, थंड खोलीत शेजारी-शेजारी गाद्यांवर झोपवतात. ह्यांना फार संकोच वाटत होता. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं तशीच निवांत पडलेली पाहिली आणि तो गेला. दाब जोरात असतो. 'बाओ बाओ' म्हणजे हळू, 'जेप' म्हणजे दुखतंय, हे दोन शब्द पाठ करा. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधीच बोटाने दाखवा. शस्त्रक्रिया होऊन फार दिवस झाले नसतील, रक्तदाब ताब्यात नसेल तर मालिश करू नका, थंड खोलीत बसून जोडीदाराची वाट पाहा.

जेवण था तियनच्या गल्लीत. 'था' म्हणजे धक्का. शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशांचा रस किंवा कोळंबीची चटणी असते. शब्द लक्षात ठेवा तो 'जे'. 'किन जे' म्हणजे मी 'जे' पद्धतीचं खाते. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच येत नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. अशा दुकानांवर पिवळ्या रंगावर लाल अक्षरं असतात, लांबून इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसतात. तसं दुकान दिसलं नाही तर 'माय साय नाम प्ला', माशांचा रस घालू नका, आणि 'माय साय खाय', अंडं घालू नका. आम्ही हे शब्द एका कागदावर थाईत लिहून घेतले आहेत लेकीकडून, तो कागद पुढे केला की काम होतं. तुम्ही हॉटेलातल्या कुणाकडून लिहून घ्या. आणि आंब्याचा मोसम असेल, म्हणजे एप्रिल-मे, तर 'खाओ निआओ मामुआंग' खाच. चिकट भात नारळाच्या दुधात मुरवलेला, वर पिकलेला आंबा, किंचित मीठ घातलेलं दाट दूध आणि सगळ्यात वर तळलेली मुगाची डाळ. ती कुरकुरीत डाळ दाताखाली आली की नारळाचं गोड एकदम हलकं होतं. एक ताटली दोघांत पुरते.

आता बोट, ह्यांची. दुपारी दीड ते तीन हा दिवसातला सगळ्यात वाईट वेळ, आणि मी तो नदीवर काढायला सांगते. केशरी झेंड्याची बोट घ्या, कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांची. तिकीट कुठेही गेलात तरी १६ बाट. धक्क्यावर पर्यटकांच्या मोठ्या बोटीचं महाग तिकीटही विकतात, ते नको, 'ऑरेंज फ्लॅग' असं स्पष्ट सांगा. दक्षिणेकडे सॅथॉनपर्यंत जा, तिथे स्काय ट्रेनचं सफान ताकसिन स्टेशन आहे. उतरा, काहीतरी गार प्या आणि त्याच मार्गाने परत या. जाऊन-येऊन दोघांचे ६४ बाट आणि तासभर वाऱ्यात.

बोट धक्क्याला जेमतेम टेकते. लोक भराभर उतरतात आणि चढतात, म्हणून उठून मागच्या बाजूला आधीच उभं राहायचं. एकाने आधी चढून हात द्यायचा. भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, तिथे बसू नका, आणि बायकांनी भिक्खूला स्पर्श होणार नाही इतकं अंतर ठेवायचं. तिकीट देणारी बाई पत्र्याची लांब नळी खुळखुळवत येते, त्या नळीत नाणी आणि तिकिटांची गुंडाळी.

ह्यांनी जे दाखवलं ते मी एकटीने कधी पाहिलं नसतं. नाखवा पुढे बसतो, त्याला मागचा धक्का दिसत नाही. मागे दोर घेतलेला एक माणूस उभा असतो आणि तो शिट्टी वाजवून त्याला सांगतो. धक्का जवळ आला की तुटक तुटक, मग लांबट, मग बारीक चिरकी, आणि त्या प्रत्येक शिट्टीला इंजिनाचा आवाज बदलतो. दोर लोखंडी खुंट्याला अर्धा वेढा घालतो, माणसं चढतात, शेवटची एक शिट्टी आणि दोर सुटतो. "आपली डबल बेल," हे म्हणाले. चार धक्के झाले तेव्हा शिट्टी ऐकून पुढे काय होणार ते हे मला आधी सांगायला लागले होते.

साडेतीनच्या सुमाराला था तियनहून पलीकडे वाट अरुणला जा. ही वेगळी बोट, सरळ समोरच्या काठावर नेणारी, ५ बाट. अरुण म्हणजे पहाट, सूर्याचा सारथी. पाचूचा बुद्ध आजच्या जागी यायच्या आधी इथेच होता. मधला मनोरा लांबून करडा-पांढरा दिसतो. जवळ गेलात की कळतं, तो सगळा चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. बशीचा काठ, वाटीचा बूड, त्यांतून जुळवलेली फुलं आणि पाकळ्या. मी एका फुलाचा मधला गोल पाहिला, ती सरळ एक लहानशी बशी होती, निळ्या रेघेची. खाली यक्ष आणि वानर मनोऱ्याचा भार खांद्यावर घेऊन उभे आहेत. पायऱ्या फार उभ्या आहेत. चढताना नाही, उतरताना कळतं. कठडा धरून, तोंड पायऱ्यांकडे करून उतरा. ज्याचे गुडघे साथ देत नाहीत त्याने खालीच थांबावं, वानरांचे चेहरे खालूनच छान दिसतात.

इथे थाई पोशाख भाड्याने देणारी दुकानं आहेत आणि कितीतरी जोडपी ते घालून फोटो काढतात. हौस असेल तर जरूर घाला, तासभर तरी हाताशी ठेवा.

साडेपाचच्या आत परत अलीकडे या. सूर्य वाट अरुणच्या पाठीमागे मावळतो, म्हणजे ते दृश्य था तियनच्या बाजूनेच दिसतं. गच्चीवरच्या उपाहारगृहांत जागा आधी राखावी लागते. काठावर उभं राहूनही तेच आकाश दिसतं.

रात्रीचं थोडक्यात. सनाम चायहून मेट्रोने दुसरं स्टेशन वाट मंगकोन, तिथे याओवारातचा चिनी बाजार. दिवे लागल्यावर गाड्या मांडल्या जातात. सोमवारी बऱ्याच गाड्या बंद असतात. शाकाहारी माणसाला भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस आणि आल्याच्या गरम पाकातल्या तिळाच्या गोळ्या, 'बुआ लोय', एवढं निश्चिंत खाता येतं. पोटभर जेवायचं असेल तर एक स्टेशन आधी साम योतला उतरून पाहुरातला जा, तिथे शीख-पंजाबी वस्ती आहे, सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे आणि डाळ-रोटी मिळते. परतताना टॅक्सी घेतलीत तर मीटर टाकायला लावा, तो ३५ बाटपासून सुरू होतो. नाही म्हणाला तर दुसरी थांबवा.

आणि त्या माळा. देवाची माळ मी वाट फोला वाहते. दुसरी दिवसभर पाठपिशवीच्या बंदाला बांधून ठेवायची, ओल्या रुमालात सैल गुंडाळून, आणि पाण्याची बाटली काढताना रुमालावर दोन थेंब शिंपडायचे. रात्री खोलीवर आलो तेव्हा मली पिवळी पडली होती. रुईची फुलं सकाळी होती तशीच, मेणासारखी घट्ट. ह्यांनी ती आरशाच्या खिळ्याला अडकवली, आणि परतीच्या विमानाच्या दिवशी लेकीने ती तिच्या दाराच्या कडीला बांधून घेतली.